निम्मे विमानाला, निम्मे पडण्याला

गेल्या आठवड्यात मुखेडहून एका जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. माणूस चाळिशीचा असावा, पण बोलणं दबकं. शेजारच्या खोलीत बायको असेल. म्हणाले, "साहेब, रिमोटचं विमान घ्यायचंय. खरं इंजिनवालं, नायट्रोवर चालणारं. पहिलंच आहे आणि बजेट बेताचं आहे. कोणतं घेऊ?"

माझं नांदेडला चष्म्याचं दुकान आहे. समोर एक आजीबाई अर्धा तास चार फ्रेमा पुन्हा पुन्हा नाकावर चढवत होत्या, त्यामुळे मी आधीच वैतागलो होतो. त्या वैतागात माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवढे पैसे आहेत त्याचे आधी दोन भाग करा डॉक्टर. निम्मे विमानाला, निम्मे पडण्याला."

आपण भलत्याच माणसाला फोन लावला असं डॉक्टरांना वाटलं असणार. त्यांना काय सांगू, वाक्य माझं नव्हतंच. ते लातूरच्या मन्मथअप्पांचं. अप्पांना जाऊन दोन वर्षं होतील. त्यांचा नंबर बंद पडला तेव्हापासून त्यांना विचारणारी माणसं कुणाकडून तरी माझा नंबर मिळवतात आणि मी त्यांना अप्पांचीच वाक्यं सांगतो. दुसरं काही मला येतही नाही.

अप्पांची ओळख मला माझ्या मूर्खपणामुळे झाली. मी मूळचा कंधार तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडे टू-स्ट्रोक इंजिन म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते, पाठीवरचा फवारणीचा पंप. मी हौसेने ऑनलाइन एक जुनं विमानाचं इंजिन मागवलं. मुठीएवढं होतं. त्यात मी बिनदिक्कत पंपाला घालतो तसं पेट्रोल आणि ऑइल कालवून ओतलं. अख्खा रविवार गच्चीवर पंखा फिरवत बसलो. इंजिन एकदा शिंकलंसुद्धा नाही. पंख्याने मात्र माझं बोट सोलून काढलं. ज्याच्याकडे पंपाचे वायसर घ्यायचो तो दुकानदार म्हणाला, "लातूरला जा. गंजगोलाईच्या मागं मन्मथअप्पा म्हणून हायेत. त्येंनाच हा नाद हाय."

इंजिन जेवणाच्या डब्यात घालून मी लातूरला गेलो. बोळकांडीसारखं अरुंद दुकान. दोन्ही भिंतींवर दुरुस्तीला आलेले पंप ओळीने टांगलेले, आणि त्यांच्या वर छताला एक पिवळं विमान. त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खाली स्टुलावर अप्पा. साठी उलटलेली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातांना तेल. इंजिनावर वाकायच्या आधी ते गळ्यातली चांदीची डबी, म्हणजे त्यांचं इष्टलिंग, सदऱ्याच्या आत सारून वरचं बटन लावत. इंजिन सुरू होतंय की नाही याची ज्याला कायम काळजी, तो माणूस हे बटन मात्र कधी विसरला नाही.

त्यांनी डबा उघडला आणि दूध नासलंय का बघतात तसा वास घेतला.

"पेट्रोल पाजलंय याला."

"हो. पंपाला घालतो तसंच."

"घोड्याला म्हशीची पेंड चारली तुम्ही." मग माझ्या बोटाकडे बघून विचारलं, "काय करता?"

"नांदेडला चष्म्याचं दुकान आहे."

"मंग बघून घ्यायचं न्हाई का?"

असे ते. रागावले आहेत की थट्टा करतायत हे चेहऱ्यावरून कळायचं नाही. त्यांनी इंजिन धुतलं आणि धुता धुता समजावलं. याला पेट्रोल चालत नाही. हे मिथेनॉल पितं, त्यात एरंडेल आणि वरून थोडं नायट्रो. ठिणगीचा प्लगही याला नसतो, तारेचं एक छोटं वेटोळं निखाऱ्यासारखं लाल होऊन बसतं. त्यांनी हैदराबादहून ट्रान्सपोर्टने आलेल्या कॅनमधलं थोडं इंधन घातलं, सायकलची ट्यूब गुंडाळलेल्या काठीने पंख्याला एक टोला दिला, आणि माझं मुकं इंजिन किंचाळत उठलं. दुकानभर जळक्या एरंडेलाचा वास भरला. गोडसर, चिकट, नाकातून न जाणारा. आतून काकूंचा आवाज आला, "आता हे कपडे मी धुणार न्हाई. साबण सरला पर वास सरंना. घरात ह्ये कंच्या खोलीत हायेत ते मला नाकानं कळतंय."

आणि त्याच काकूंनी दोन ताटल्यांत गरम सुशीला, आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा उपमा, आणून ठेवला.

खाताना मी फोनमधला फोटो दाखवला. मला घ्यायचं होतं ते विमान. टोकदार नाक, मागे ओढलेले पंख, पंखांखाली खोटी क्षेपणास्त्रं. अप्पांनी तो फोटो बराच वेळ बघितला.

"उडवता येतंय?"

"नाही. शिकायचंय."

"मंग ह्ये कामून? ह्ये तर हातातून सुटलं की सरळ सासुरवाडीला जातंय." त्यांनी फोन परत दिला. "लढाऊ समद्यांनाच पायजे. शिकाऊ कुणालाच नक्को. बघा, पंख पाठीवर पायजे, पोटाखाली न्हाई. पंख जाड, खालून सपाट. आंग मोठं, म्हंजे लांबून दिसतंय. पुढं एक चाक, मागं दोन. रिमोटची कांडी सोडली की आपलं आपण सरळ व्हावं. भोळं विमान घ्यायचं. आपण चुकलं तरी त्येनं माफ केलं पायजे."

"बॅटरीवरचं स्वस्त पडतं म्हणतात."

"पडतंय की. पर ते मुकं जनावर हाय. पोटात दुखलं तरी सांगत न्हाई. ह्ये बोंबलून सांगतंय." मग त्यांनी बजेट विचारलं. मी वीस हजार म्हणालो. त्यावर ते वाक्य आलं, निम्मे विमानाला आणि निम्मे पडण्याला. मी हसलो. अप्पा हसले नाहीत.

विमानाचा नाद त्यांना कुठून लागला हे मी तीनदा विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, पंप दुरुस्त करून कंटाळा आला म्हणून. एकदा म्हणाले, काकूंपासून लांब उभं राहायला काहीतरी कारण पाहिजे म्हणून. तिसऱ्यांदा, एकटे असताना, म्हणाले की त्यांचं आजोळ बिदरकडचं. तिथे आकाशात शिकाऊ विमानं दिवसभर गोल गोल फिरायची. त्यांची आई कपडे वाळत घालताना वर बघून म्हणायची, कुणाचं तरी पोर शिकून राहिलंय, सुखरूप उतरू दे रे महादेवा. मला तिसरं उत्तर खरं वाटतं, पण पहिली दोनही अगदीच खोटी नसावीत. आजोळची कानडी मात्र त्यांच्या तोंडात राहिली होती. इंजिनाची इंधन कमीजास्त करणारी सुई फिरवताना इंधन पुरे झालं की ते नकळत "साकु, साकु" म्हणायचे, आणि विमान उतरवताना "मेल्ल, मेल्ल", हळू, हळू. गाईला गोंजारावं तसा आवाज निघायचा.

दहा हजारांत नवं विमान बसेना, म्हणून जुनं शोधायला निघालो. अप्पा स्वतःहून बरोबर आले. विमान विकणं हा त्यांचा धंदा नव्हता. मला वाटतं, दुसऱ्याचं पहिलं विमान निवडणं हाच त्यांचा खरा शौक होता.

देगलूरला एका घरी काचेच्या कपाटात ठेवलेलं विमान होतं. लखलखीत लाल. किंमत आमच्या आवाक्यात. मी तर मनातल्या मनात ते गाडीत घातलंसुद्धा. अप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"किती येळा पडलंय?"

मालक छाती फुगवून म्हणाला, "एकदाही नाही अप्पा!"

अप्पा उठले आणि चहाला न थांबता बाहेर पडले. मी मागून धावलो, चांगला चिडलेला. म्हणालो, "अहो, यापेक्षा चांगलं काय मिळणार?"

"न पडलेलं म्हंजे एक तर न उडलेलं, न्हाई तर खोटं बोललेलं. दोन्ही आपल्याला नक्को. टाकीची खोली बगितली का तुम्ही? लाकूड तेल पिऊन काळं पडलंय. वरून लाल रंग दिलाय."

टाकीच्या खोलीत मी डोकावलोच नव्हतो. दुसऱ्यांना डोळे तपासा म्हणून सांगणारा मी!

दुसरं विमान बिलोलीला मिळालं. एका निवृत्त ग्रामसेवकांचं. पांढरं म्हणायचं, पण ठिगळांनी पार गोधडी झालेली. अप्पांनी तोच प्रश्न विचारला. ग्रामसेवकांनी चष्मा लावला आणि विमान मांडीवर घेतलं. "नऊ वेळा," म्हणाले आणि बोटाने दाखवू लागले. प्रत्येक ठिगळावर त्यांनी काळ्या पेनने बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. तळ्याचा बांध. बाभळ. पुन्हा तीच बाभळ. जावयाच्या हातून. वारा. एका ठिगळावर नुसतं 'माझी चूक' एवढंच होतं.

अप्पांनी पंख दोन अंगठ्यांत धरून दाबून बघितले, टाकीची खोली हुंगली, आणि ते गोधडं माझ्या हातात दिलं. "ह्येच घे. ह्येचं समदं उघडं हाय." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं. विमानाचं नाव आपोआप पडकं पडलं.

शिकवायचे ते अहमदपूरजवळच्या एका माळावर. त्यांच्या मेव्हण्याची ती पडीक जमीन. मला नांदेडहून आणि त्यांना लातूरहून सारखीच दूर, आणि दोन्हीकडच्या विमानतळांपासून लांब. रविवारी सकाळी, वारा उठायच्या आत. पहिले तीन रविवार तर पडकं जमिनीवरून उठलंच नाही. इंजिन एका लाकडी स्टुलाला बांधून अप्पा त्याला टाकीमागून टाकी पाजत बसले. डोळे मिटून, हनुवटी वर करून ऐकायचे. "आईक. आता कोरडं पडलं. ऐकलं का? आता भिजलं. आता खूष हाय." मला तिन्ही आवाज सारखेच वाटायचे. मी मान डोलवायचो. ते डोळे न उघडता म्हणायचे, "उगं मान हलवू नक्को."

मग दोन रिमोट एका दोरीने, म्हणजे वायरने, जोडायचे. एक गुरूचा, एक शिष्याचा. गुरूच्या रिमोटवर एक बटन असतं. गुरूने ते दाबून धरलं तोवर विमान शिष्याचं, बोट उचललं की गुरूचं. शिष्याला कळतही नाही. आणि इथे अप्पांचा कडक नियम होता. विमान काढून घेताना मोठ्याने म्हणायचं, "माझ्याकडं!" परत देताना, "तुझ्याकडं!" चोरून कधी घ्यायचं नाही. "चोरून घेतलं तर शिकणाऱ्याला वाटतंय आपल्याला आलं. मंग तो एकटा असताना मरतो."

हा नियम त्यांना महागात पडलेला मी बघितला आहे. लातूरचे एक बांधकामवाले शेठ शिकायला यायचे. अप्पांना माळावर पत्र्याची शेड बांधून देतो म्हणाले होते. एका रविवारी ते दोन गाड्या भरून पाहुणे घेऊन आले. मुलीच्या सासरची मंडळी होती. विमानाला हार, हळदकुंकू, नारळ सगळं झालं. शेठ हळूच अप्पांच्या कानाशी लागले, "अप्पा, जरा सांभाळून घ्या बरं. बोंब मारू नका आज." विमान वर गेलं. व्याही टाळ्या वाजवतायत, विहीणबाई मोबाइलवर शूटिंग करतायत. शेठनी वळण घेतलं, पंख कलंडला, नाक खाली गेलं, आणि अख्ख्या माळाला ऐकू जाईल असे अप्पा ओरडले, "माझ्याकडं!"

विमान वाचलं. शेड काही झाली नाही. शेठ पुन्हा आलेच नाहीत. मी म्हटलं, "एक दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" अप्पा पंखा पुसत होते. म्हणाले, "त्येचं काय बिघडलं असतं ते न्हाई ठाव. माझं लई बिघडलं असतं." उन्हापावसात आम्ही आणखी दोन वर्षं छत्री घेऊन बसलो. मला त्या शेडची हळहळ अजून आहे.

पडकं माझ्या हातून चारदा पडलं. दर वेळी अप्पा ठिगळ लावायला बसवायचे आणि पेन पुढे करायचे. मी एकदा 'वारा' असं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कंचा वारा?" मी खोडून 'घाई' लिहिलं.

उडवताना त्यांची एक सवय होती, तिचा मला भयंकर राग यायचा. विमान लांब गेलं की ते परीक्षा घेतल्यासारखं विचारायचे, "सांग बरं, तोंड कुणीकडं हाय?" मी सांगायचो, आपल्याकडे. किंवा डावीकडे. ते "बरूबर" म्हणायचे. पहिल्या वर्षी ठीक होतं. पण मी एकटा उडवायला लागल्यावरही प्रश्न थांबेनात. स्वतः उडवत असतानासुद्धा विचारायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मला शिकाऊच ठेवायचंय.

मी माणसाचे डोळे आधी बघतो, चेहरा नंतर. धंद्याची खोड. तरी मला कळायला वेळ लागला, याची आजही लाज वाटते. एका रविवारी अप्पांनी मला पाना दिला तो माझ्या हातात नाही, हाताच्या शेजारी, हवेत. पाना खाली पडला. मग उठताना डाव्या बाजूचा इंधनाचा कॅन पायाने लवंडला. तो पांढराशुभ्र कॅन तिथे सकाळपासून होता. मी त्यांच्या समोर बसलो, दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटं हलवली.

"किती बोटं अप्पा?"

"तुझ्या दुकानाची गिऱ्हाइकी माझ्यावर नक्को करू."

"किती बोटं?"

सुईशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "कवा कळलं तुला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते माझी परीक्षा घेत नव्हते. तोंड कुणीकडे आहे हे त्यांना खरंच दिसत नव्हतं. वर्षभर ते माझ्या डोळ्यांनी उडवत होते, आणि मी चिडून उत्तरं देत होतो.

मी त्यांना नांदेडला माझ्या दुकानात आणलं आणि तिथून डोळ्यांच्या दवाखान्यात. काचबिंदू. बरीच वर्षं हळूहळू कडेकडेने नजर खात आलेला. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे ते राखू. अप्पांनी थेंब नेमाने घातले, पूजा चुकवली नाही तसे तेही चुकवले नाहीत. पण नजर आक्रसतच गेली. पंपाची दुरुस्ती चालू होती, ती त्यांना बोटांनीच येत होती. माळावर यायचं मात्र त्यांनी बंद केलं. मीही जाईनासा झालो. एकट्याने काय उडवायचं?

असं वर्ष गेलं. मग एका जानेवारीत त्यांचा फोन आला.

"पडकं हाय का अजून?"

"आहे की."

"मला एकदा उडवायचंय. माझ्या हातानं. वर न्यायचं, दोन गोल मारायचे, खाली आणायचं. दिसंना झालंय पर ऐकू येतंय. पुढच्या थंडीपतोर काय राहील काय न्हाई कुणाला ठाव. तुझं विमान हाय, तू न्हाई म्हणलास तर राग न्हाई."

मी नाही कसा म्हणणार? पण खरं सांगतो, होकार देताना मला विमानाची काळजी वाटली नाही. भीती अप्पांची वाटली. ते पडलं तर हा माणूस मनातून उठायचा नाही असं मला वाटलं.

माळावर हवा अगदी स्थिर होती. शेजारच्या रानात तूर काढून झालेली, नुसती धसकटं उभी. अप्पांनी डबी आत सारली, बटन लावलं, इंजिन स्वतः चालू केलं, आवाज ऐकून सुई लावली. "साकु." मग दोरी जोडली. या वेळी शिष्याचा रिमोट त्यांच्या हातात आणि गुरूचा माझ्या. बटनावर माझं बोट.

पडकं सरळ वर गेलं. अप्पांचे डोळे उघडे होते, पण ते विमानाकडे बघत नव्हते. कान तिकडे होता. मी सांगत होतो, "डावीकडे वळतंय... आपल्याकडे तोंड... आता उजवीकडे." एक गोल झाला. दुसरा झाला. काय सुंदर गोल होते! मग उतरायची वेळ आली. विमान जरा वाकडं येत होतं. फार नाही, जरासंच. आणि माझा धीर सुटला. मी बोट उचललं. तोंडाने काहीच बोललो नाही. पडकं माझ्याकडे आलं, मी ते सरळ केलं, इंजिन मंद केलं आणि हलकेच मातीवर टेकवलं.

"वा अप्पा!" मी ओरडलो. "काय उतरवलंत!"

अप्पांनी रिमोट गळ्यातून काढला आणि पोटाशी धरून उभे राहिले.

"दिगंबर," ते म्हणाले, "मी इंजिन बारीक केलंच नव्हतं."

मी रिमोटची वायर गुंडाळायला लागलो.

"आवाज बारीक झाला, माझा हात तिथंच व्हता." ते मुळीच चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "तू बी शेठच्या पाहुण्यांसारखं मला धरलंस का रे?"

मी त्यांचे पाय धरले. दुसरं काय करणार? ते म्हणाले, "ऊठ. टाकी भर. पुन्यांदा. आन् या येळी घ्यायचं असलं तर सांगून घे."

दुसऱ्यांदा पडकं वर गेलं. पहिला गोल चांगला झाला. दुसऱ्या गोलात ते लांब गेलं आणि हळूहळू एका अंगावर कलंडायला लागलं. "उजवा पंख खाली," मी म्हणालो. त्यांनी सावरलं, पण जास्त सावरलं. आता डावा पंख खाली, नाकही खाली.

"अप्पा, घेऊ का?"

"नक्को."

"अप्पा, पडतंय!"

"आईकतोय मी. नक्को."

मी बोट दाबून धरलं. आयुष्यात इतक्या जोराने मी काही धरलं नसेल. शेवटच्या क्षणी अप्पांनी नाक उचललं, इंजिन पार बारीक केलं, "मेल्ल, मेल्ल" म्हणाले, आणि पडकं तुरीच्या धसकटांत धप्पकन आडवं झालं. एवढ्या लांबूनही पंख मोडल्याचा आवाज आला.

मला त्यांच्याकडे बघवेना. पण आधी त्यांचं हसू ऐकू आलं. बारीक, पोटातून येणारं. म्हणाले, "पडण्याचे निम्मे ठेवलेत ना बाजूला?"

"ठेवलेत अप्पा."

ते चालायला लागले. मी हात धरायला गेलो तर त्यांनी झटकला. "थोडं उजवीकडे," मी मागून म्हणालो. "गप. वास येऊन राहिलाय." आणि खरंच, नाक वर करून, पायांनी धसकटं चाचपत, जळक्या एरंडेलाच्या मागावर ते थेट गेले आणि मोडक्या पंखाच्या वीतभर अलीकडे थांबले. खाली बसले. हाताने सगळं विमान चाचपलं, नाक, टाकी, शेपूट, मग मोडलेली जागा.

"कितवं ह्ये?"

"चौदावं."

त्यांनी हात पुढे केला. मला आधी कळेना. मग खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. मोडलेल्या भागाशेजारी, पांढऱ्या जागेवर, त्यांनी अंदाजाने लिहिलं. अक्षरं एकमेकांवर चढली, ओळ वर वर गेली. लिहून झाल्यावर पेन मला परत दिलं.

"वाच. नीट आलंय का?"

मी वाचलं. 'मन्मथअप्पा. माझ्याकडं होतं.'

"नीट आलंय," मी म्हणालो. अप्पांनी मान डोलवली, मोडका पंख काखेत घेतला, आणि धसकटांतून गाडीकडे चालू लागले.